कुंकू लावायचं की नाही, हे तालमीत कोण ठरवणार?

प्रश्न : आम्ही मूळचे शिरपूरचे, सध्या टोरांटोजवळ राहतो. इथल्या आमच्या हौशी नाट्यमंडळाचं काम मी बघतो. आमचे दिग्दर्शक अचानक गेले. त्यांच्या पत्नी नाटकात मुख्य भूमिका करतात, तीही सवाष्णीची. त्यांना काम करायचं आहे. पण मंडळातल्या काही बायका म्हणतात, वर्ष तरी जाऊ द्या, लोक काय म्हणतील. गावाकडून त्यांच्या सासरच्यांचेही फोन सुरू आहेत. प्रयोग रद्द करू, की दुसरी कलाकार घेऊ?

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रात वहिनींचं म्हणणं एका वाक्यात उरकलंय आणि बाकी सगळ्यांचं सविस्तर आलंय. मंडळातही तसंच चाललं असणार.

आधी त्यांच्या घरी जा, बायकोला सोबत घेऊन. बैठक नको, ग्रुपवर मतं मागवणं तर नकोच. "वहिनी, तुमले काय वाटस?" एवढं विचारा आणि गप्प बसा. दारावर सांत्वनाला आलेला आपला माणूस गप्प बसत नाही, धीर देत सुटतो, आणि ज्याचं दुःख तो बिचारा मान हलवत राहतो. आज हो म्हणाल्या तरी पंधरा दिवसांनी त्यांचं मन बदलू शकतं. म्हणून दुसऱ्या कुणाचं तरी पाठांतर करून ठेवा, पण वहिनींना सांगून. बाहेरून कळलं, तर आपल्याला काढायचा घाट घातलाय असंच त्यांना वाटेल.

कुंकू आणि मंगळसूत्राचंही तेव्हाच विचारा. कपडेपटातलं चालेल का? की नुसत्या टिकलीवर भागवायचं? दिग्दर्शन पाहणाऱ्याने हे परस्पर ठरवू नये.

नको म्हणणाऱ्या बायकांना जुनाट ठरवून मोकळे होऊ नका. त्यांना धास्ती आहे ती गावाकडच्या फोनची. आपल्या खानदेशात कानबाईच्या सणाला, रोटाच्या जेवणाला सगळी भाऊबंदकी जमते, तिथे आपल्या नावाची चर्चा नको, एवढंच त्यांचं असतं. त्यांना हेरवाडची आठवण द्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने तसं परिपत्रक काढलं. शिरोळ तालुक्यातल्या गावाला जमलं, ते टोरांटोतल्या मंडळाला जड का जावं?

सासरच्यांशी मात्र तुम्ही बोलू नका. परक्या पुरुषाने वकिली केली, की तिकडे भलताच अर्थ निघतो. वहिनींचा दीर किंवा भाऊ बोलू दे. उन्हाळ्यात तुमच्याकडे सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा शिरपुरात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. वडीलधारी माणसं ओट्यावर निवांत सापडतात.

आता प्रयोगाचं. राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर उतरायचं, तर तारीख शासनाची. दुःख गिळून उभं राहावं लागतं. तुमच्यावर तशी सक्ती नाही. हॉलची अनामत बुडाली तर बुडू द्या, दोन महिने पुढे ढकला. रद्द मात्र करू नका. पत्रकावर दिग्दर्शक म्हणून वहिनींच्या यजमानांचंच नाव राहू द्या, तालीम त्यांच्या सहायकाने घ्यावी. नाटकात श्रद्धांजलीचा प्रवेश घुसडायचा मोह टाळा. संहितेत बदल करायला लेखकाची परवानगी लागते, लेखक हयात नसतील तर वारसांची. शिवाय वहिनींना रंगमंचावर उभं करून लोकांनी हळहळायचं, हे मला तरी बरं वाटत नाही. तिसऱ्या घंटेआधी दोन वाक्यांची घोषणा पुरे.

तालमीनंतर त्यांना घरी कोण सोडणार, हे मात्र पहिल्याच दिवशी ठरवा. आणि त्या नाही म्हणाल्या, तर कारण विचारू नका. कपडेपट, नेपथ्य, तिकीटविक्री, कामं पुष्कळ असतात; त्यांना हवं ते त्यांनी घ्यावं, किंवा काहीच घेऊ नये.