क्रिएटिनिन वाढलं, तरी औषध कमी का केलं?

प्रश्न : भावाचं मूत्रपिंड प्रत्यारोपण होऊन पाच महिने झाले. ताप नाही, लघवीला त्रास नाही. पण क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) १.२ वरून १.७ वर गेलं. तपासणीत बीके विषाणू निघाला आणि डॉक्टरांनी मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दडपणारं औषध निम्म्यावर आणलं. अशाने शरीर मूत्रपिंड नाकारणार नाही का? विषाणूवर थेट औषध का देत नाहीत?

उत्तर : भीती रास्त आहे, पण उपचाराची रीत हीच आहे. बीके बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो आणि मूत्रपिंडात निपचित पडून राहतो. प्रतिकारशक्ती दडपली की तो नलिकांचं अस्तर पोखरू लागतो, तेही गुपचूप. म्हणून तर लक्षणांची वाट न पाहता पहिले नऊ महिने दरमहा रक्ताची पीसीआर (विषाणूचं प्रमाण मोजणारी चाचणी) करतात.

थेट औषधाचं म्हणाल, तर व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे औषध सायटोमेगॅलो या दुसऱ्या विषाणूवर चालतं, कारण त्या विषाणूचंच एक एन्झाइम औषधाला कामाला लावतं. बीकेकडे ते एन्झाइमच नाही. मग उरतो एकच मार्ग : प्रतिकारशक्ती दडपणारी औषधं सैल करून शरीराच्या टी-पेशींना (विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना) लढू द्यायचं.

खरी गोम बायोप्सीत (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासण्यात) आहे. बीके असो वा रिजेक्शन (शरीराने किडनी नाकारणं), दोन्हींत पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते आणि उपचार मात्र नेमके उलटे. रिजेक्शन समजून स्टेरॉइडचे मोठे डोस दिले, तर विषाणूला रानच मोकळं. त्यामुळे बायोप्सी झाली तर ‘एसव्ही४०’ रंजन (तुकड्यात बीके ओळखणारी चाचणी) केलं का, हे जरूर विचारा.

पीसीआर दरवेळी त्याच प्रयोगशाळेत करा; दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत. चाळीस हजारांचे तीस हजार झाले, तर ती घट धरू नका. चार हजार झाले तर धरा. याला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. टॅक्रोलिमसची (हेही प्रतिकारशक्ती दडपणारं औषध) रक्तातली पातळी सकाळच्या गोळीआधी, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी तपासायची. गोळी घेऊन रक्त द्यायला जाणारे पुष्कळ. मग पातळी फुगलेली येते आणि डोस नको तितका उतरतो. विषाणू घटत असताना क्रिएटिनिन चढलं, तर मात्र रिजेक्शनची शंका घ्यावी लागते. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

प्रश्न : पांढऱ्या पेशी उतरल्या म्हणून व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर अर्धंच घेतलं तर?

उत्तर : मनाने नको. किडनीची गाळणक्षमता मिनिटाला ६० मिलीच्या वर असेल तर सायटोमेगॅलोच्या प्रतिबंधाचा डोस रोज ९०० मिलिग्रॅम, ४० ते ५९ असेल तर ४५०. याहून कमी घेतल्यास तो विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. पेशी मायकोफेनोलेट आणि कोट्रायमोक्साझोलनेही (प्रतिजैविक) उतरतात. काय कमी करायचं, ते डॉक्टर ठरवतील.