रंग नको, जिवंत मोज

प्रिय बाळ,

'मॅडम, विषय बदलू का?' एवढंच विचारलंस आणि खाली सगळे आकडे जोडलेस. आकडे बघितले. म्हशीच्या दुधातल्या जंतूंवरचा विषय राहू दे, मोजायची रीत बदल.

तीन प्लेटांची रीडिंग जुळत नाहीत म्हणून तू हबकलायस. अरे, क्रिस्टल व्हायोलेट हा रंग जिवंत पेशीला लागतो, मेलेल्या पेशीला लागतो आणि भोवतीच्या चिकट थरालाही लागतो. त्यावरून बायोफिल्म, म्हणजे जंतू आणि त्यांचा चिकट थर, किती साचली ते कळतं, आतले जंतू मेले का ते कळत नाही. तू मात्र वनस्पतीच्या अर्कानं रंग उतरला म्हणून 'मेले' असं लिहून मोकळा झालास. थर सुटून धुण्याच्या पाण्यात गेला असेल आणि जंतू ठणठणीत असतील, तर? जिवंत किती उरले ते मोज.

वेल्स, म्हणजे प्लेटमधले खळगे, हलक्या हातानं धू, थर खरवडून सलाईनमध्ये घे, सॉनिकेटरच्या (ध्वनिलहरींच्या) बाथमध्ये धर, व्हॉर्टेक्सवर घुसळ, मग दसपटीनं पातळ करत करत आगरवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) पसरव. गुठळी फुटली नाही तर शेकडो जंतूंची मिळून एकच कॉलनी, म्हणजे एकच ठिपका, उगवते आणि औषधाला फुकटचं श्रेय जातं. औषधाचा अंश आगरवर उतरला तरी तेच. प्लेटच्या ९६ पैकी कडेच्या ३६ वेल्समध्ये नुसता निर्जंतुक ब्रॉथ भर. ३७ अंशाला रात्रभरात त्यांतलं पाणी उडतं, तुझी रीडिंग निम्मी तिथंच बिघडली असणार. आतल्या ६० पुरेत. काम कंटाळवाणं आहे, पाठ धरते. करायचं.

खानापूर, बैलहोंगलकडच्या गोठ्यांत पहाटे धारेच्या वेळी तू कसा पोचतोस ते मी बघितलंय. मालकाशी कन्नडात बोलतोस, सड स्पिरिटनं पुसतोस, पहिल्या धारा बाजूला टाकतोस, मगच सँपल घेतोस. एवढ्या निगुतीनं आणलेलं दूध नुसत्या रंगावर वाया घालवायचं?

त्या दुधातला स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू डिस्क टेस्टला (आगरवर औषधाची चकती ठेवून बघतात त्या) 'सेन्सिटिव्ह', म्हणजे औषधाला दबणारा, येतो. सडात औषधाची ट्यूब सोडली की दूध सुधारतं आणि काही दिवसांनी म्हशीला पुन्हा दगडी, म्हणजे कासेची सूज. इथंच तर घोडं पेंड खातं, आणि नेमका इथूनच तू पळ काढायला निघालायस! डिस्कभोवती असतात जोमानं वाढणारे जंतू. कासेत ते थरात बसलेले असतात, कासेच्या पेशींच्या आतही लपतात. खालच्या थरातले अर्धपोटी, मंद. पेनिसिलिन वाढत्या जंतूची भिंत बांधू देत नाही. जो बांधतच नाही त्याचं ते काय बिघडवणार? आयरिश जंतुशास्त्रज्ञ जोसेफ बिगरनं १९४४ मध्येच दाखवलं होतं, पेनिसिलिनमधून वाचलेल्या मूठभर स्टॅफिलोकॉकसची पुढची प्रजा पेनिसिलिननं पहिल्यासारखीच मरते. म्हणजे वाचलेल्यांना मोज, पुन्हा वाढव, पुन्हा एमआयसी (वाढ रोखणारी औषधाची कमीत कमी मात्रा) काढ. वाढली तर प्रतिरोध. तेवढीच राहिली तर त्यांनी नुसता तग धरला होता. दोन्हींवरचे उपाय वेगळे, आणि रंगात यातलं काहीही दिसत नाही. जिवंत मोज.

'अर्काचा पेपर आधी उरकू' असं गाईड म्हणतात, हे कळवलंस. मलाही हेच सांगितलं जायचं. माझ्या नावावर पेपर थोडे आहेत, कारण कॉलन्या मोजल्याशिवाय मी एकही पाठवला नाही. बरोबरीचे पुढं गेले, मला हट्टी म्हणाले. म्हणोत. खंत एकच, कॅथेटरवरचं, म्हणजे लघवीच्या नळीवरचं, काम वॉर्डापर्यंत न्यायचं राहून गेलं. लघवीचा रिपोर्ट 'ग्रोथ नाही' आणि त्याच रुग्णाच्या काढलेल्या नळीच्या आतून उगवलेली, कॉलन्यांनी खच्चून भरलेली प्लेट, दोन्ही मी बैठकीत शेजारी शेजारी ठेवली होती. ऐकायला कुणाला वेळ नव्हता, पुढं पैसाही संपला. ते आकडे मात्र आजही कुणी तपासावेत. मी रंगावर भागवलं असतं तर आज तुला हे सांगायचा अधिकार मला नसता.

या आठवड्यात एकच स्ट्रेन घे. ३० ते ३०० कॉलन्यांच्याच प्लेटा मोज. औषधाविना ठेवलेल्या वेल्स मोज, धुण्याचं पाणीसुद्धा आगरवर पसरून मोज. नुसते आकडे पाठव, आलेख नंतर बघू. मी गाईडना फोन करू नये असं वाटत असेल तर तसं स्पष्ट लिही, नाहीतर सोमवारी सकाळी मी करणार आहे.

तुझी,
मॅडम