उत्तर: राष्ट्राचं पाप, पापांगीकार आणि सरकारची तलवार

तुमची अडचण लगेच ओळखीची वाटली. पश्चात्तापाच्या उपासाच्या दिवशी बायबलातल्या 2 इतिहास 7:14 वर ('माझे लोक नम्र होऊन प्रार्थना करतील, तर मी त्यांचा देश बरा करीन') उपदेश करायचाय, पण यहेज्केल 18 म्हणतो की बापाचा दोष मुलावर येत नाही. मग राष्ट्राचं पाप असतं का, आणि सरकारने पाप किती रोखायचं? रोमकरांस 13 (सत्ता देवाने नेमलेली आहे, हा अध्याय) तुम्हाला पाठ असेलच, ते सगळं पुन्हा समजावत नाही.

आधी वचन बदला. याच वचनाने माझा सर्वांत जास्त घात केलाय. 7:14 हे शलमोनाच्या मंदिरातल्या प्रार्थनेला मिळालेलं उत्तर आहे. आधीच्याच वचनात अनावृष्टी, टोळ आणि मरी आहेत, आणि 'माझे लोक' म्हणजे देवाशी केलेल्या कराराखालचं इस्राएल. ते आपल्या देशावर चिकटवलं की मंडळी (चर्च) आणि देश एकच होऊन बसतात, आणि रोगराई आली की ती कोणाच्या पापामुळे आली याचा शोध सुरू होतो. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, तेव्हा येशूने नेमका हाच हिशेब नाकारला (लूक 13).

त्याऐवजी यिर्मया 18:7-10 घ्या. तिथे कोणत्याही राष्ट्राबद्दल बोलणं आहे: ते वाईटापासून वळलं तर देव अरिष्ट आणत नाही. जोडीला आमोस 2:1. मवाबाने अदोमाच्या राजाची हाडं जाळून चुना केला. इस्राएलचं त्यात काही गेलं नाही, मवाबाला मोशेचं नियमशास्त्रही दिलेलं नव्हतं, तरी न्याय चुकला नाही.

यहेज्केलाशी भांडण वाटतं तेवढं नाही. तो माणसाच्या दोषाबद्दल बोलतो. राष्ट्राचं पाप म्हणजे सगळ्यांच्या पापांची बेरीज नव्हे. कायदा, न्यायालय, खजिना, सैन्य यांच्यामार्फत सर्वांच्या नावाने केलेलं किंवा कळूनही चालू दिलेलं ते. दोष वारशाने येत नाही, पण लुटीचा माल घरात असेल तर तो परत करणं अंगावर येतं. म्हणून नहेम्या 9 मधल्या पापांगीकाराआधी (पापाची उघड कबुली) अध्याय 5 वाचा: तिथे गहाण शेतं, द्राक्षमळे, घरं आणि व्याजही परत करायला लावलंय. (हे माझं मत. सगळे पंथ असं मांडत नाहीत. तुमच्या पाळकांशी बोला.)

प्रार्थना लिहिताना प्रत्येक वाक्याचा कर्ता तपासा. दानीएल 9 मध्ये तो 'आम्ही' आहे. अशा दिवसांसाठी वरच्या कार्यालयातून येणारी छापील पत्रकं मी पाहिली आहेत. त्यातलं एकही पाप समोर बसलेल्यांचं नसतं! शंका विचारली तर उत्तर येत नाही, पुढच्या वर्षी तेच पत्रक येतं. असो. 'आम्ही' म्हणूनही मोघम राहता येतं. 1945 च्या स्टुटगार्ट घोषणेत जर्मन चर्च-पुढाऱ्यांनी स्वतःला दोष दिला, पण ज्यूंच्या संहाराचा उल्लेख केला नाही. याउलट अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी 1865 च्या भाषणात गुलामगिरी हे नाव घेतलं आणि यादवी युद्धाचं दुःख उत्तर-दक्षिण दोघांवर आलेलं म्हटलं.

सरकारबद्दल थोडक्यात. रोमकरांस 13:4 मधली तलवार त्याच पत्रातल्या 12:19 शी जोडून वाचा: जो सूड आपण घ्यायचा नाही, त्याचं काम अधिकाऱ्याला दिलंय. म्हणजे अन्याय आवरणं. मन बदलणं नव्हे. मध्ययुगातला धर्मपंडित थॉमस अक्विनासनेही म्हटलंय की मानवी कायद्याने सगळे दुर्गुण रोखायचे नाहीत, मुख्यतः इतरांना इजा करणारे आणि बहुतेकांना टाळता येतील असे गंभीर दुर्गुणच रोखावेत. 1523 मध्ये धर्मसुधारक लूथरने लिहिलं की सत्तेचा हक्क देहावर आणि मालमत्तेवर चालतो, आत्म्यावर नाही. दुसरा धर्मसुधारक कॅल्विन याने मात्र धर्मरक्षणही सत्तेकडे सोपवलं. मला ते पटत नाही. आणि 'अनुवाद' या बायबलातल्या पुस्तकाच्या 24:16 प्रमाणे शिक्षा ज्याच्या त्याच्या गुन्ह्याला. 'राष्ट्राचं पाप' हे शब्द वापरून सरकारकडे एखाद्या गटाला झोडपण्याची मागणी करता येत नाही.

सत्ताच श्वापद झाली तर प्रकटीकरण 13 (सत्तेला श्वापदाचं रूप देणारा अध्याय) आणि प्रेषितांची कृत्ये 5:29 ('माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे') आहेत, पण एका उपदेशात ते कोंबू नका. राज्यकर्त्यांसाठीची प्रार्थना 1 तीमथ्य 2:1-2 वरून घ्या, पक्षाचं नाव न घेता, आणि पापांगीकारानंतर दोन मिनिटं तरी शांतता ठेवा. गायकांना ते आधी सांगून ठेवा, नाहीतर ते लगेच गाणं सुरू करतात.