तो वाचतो तेव्हा शेजारी बस

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद. परवा फोन सारखा तुटत होता, म्हणून सावकाश लिहिते. तू दोन गोष्टी विचारल्यास. पोरगा दुसरीत आहे, धडा घडाघडा म्हणतो, पण फळ्यावरचं साधं वाक्य त्याला लागत नाही, हे कसं? आणि मग त्याला तालुक्याच्या कॉन्व्हेंटमध्ये टाकावं का?

आधी पहिलं. तो धडा वाचत नाही, पाठ म्हणतो. चित्र दिसलं की ओळ आठवते. खात्री करायची तर चित्रावर हात ठेव आणि ओळीतला शेवटचा शब्द विचार, मग मधला. अडला तर रागावू नको. पाठ म्हणण्यानं गोष्टीचा सूर त्याच्या कानात बसला आहे, तो वाया गेलेला नाही. आता बोट शब्दाखाली आणि आवाज त्याच शब्दावर, एवढं जमायला हवं.

असा तो एकटाच नाही. ‘असर’ ही खेड्यांतल्या मुलांना कितपत वाचता येतं ते पाहणारी पाहणी २००५ साली सुरू झाली. तिच्यात कार्यकर्ते खेड्यांत घरोघरी जाऊन मुलांकडून अक्षरं, शब्द, लहान परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचून घेतात. देशाच्या ग्रामीण भागात तिसरीच्या मुलांपैकी ती गोष्ट वाचू शकणारी २०२२ मध्ये २०.५ टक्के होती, २०२४ मध्ये २७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तिसरीतल्याही चारातल्या जवळजवळ तिघांना ती जमत नाही. तेव्हा घाबरू नको, पण आपोआप येईल म्हणून सोडूनही देऊ नको. तिसरीनंतरची पुस्तकं मुलाला वाचता येतं असं धरूनच लिहिलेली असतात.

‘डोळे’ला तो ‘डोये’ म्हणाला म्हणून जावईबापू त्याच्यावर ओरडले, असं तू सांगितलंस. त्यांना सांग, पोरानं बरोबर वाचलं. त्यानं ळ पाहिला, ओळखला आणि आपल्या घरी जसं बोलतात तसं उच्चारलं. तिथं थांबवायचं नाही. पुस्तकात ळ लिहितात आणि आपण तो असा बोलतो, हे नंतर कधीतरी सहज सांगावं. पण ‘घार’ला ‘घर’ वाचलं तर मात्र थांबव, कारण त्याचा काना सुटला. “‘घ’च्या बाजूला काय उभं आहे, पाहा बरं,” एवढंच म्हण. या दोन चुकांतला फरक घरातल्या मोठ्या माणसांना कळला, तर मूल वाचायला भीत नाही. वऱ्हाडी बोलणाऱ्या घरातलं मूल पुस्तक उघडताच पहिल्या शब्दाला टोकलं जातं आणि मग तोंडच उघडत नाही, हे मी फार पाहिलं आहे आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

अडला की लगेच शब्द सांगू नको. मनात पाचपर्यंत मोज. मग पहिलं अक्षर सांग. तरी नाही आलं तर पूर्ण शब्द सांगून पुढं जाऊ दे. एकाच शब्दाशी झगडत बसला तर गोष्ट हातची जाते.

आता ज्याचा मला सगळ्यात जास्त भरवसा आहे ते सांगते. तू म्हणालीस, “बाई, मी दहावी नापास, मी काय शिकवू?” तू शिकवू नको. एक शंभर पानी वही घे आणि तो बोलेल ते लिही. तान्ह्या पोळ्याला तो लाकडी बैल घेऊन गेला होता ना? विचार, काय काय झालं. तो सांगेल तशीच तीन वाक्यं, ठळक अक्षरात, शब्दांमध्ये जागा सोडून: ‘माझा बैल लाल आहे. आजीनं त्याला झूल शिवली. मला पेन भेटला.’ ‘भेटला’चं ‘मिळाला’ करू नको. वाक्यं त्याची आहेत, म्हणून पुढं काय येणार हे त्याला ठाऊक असतं आणि अक्षरांकडे पाहायला धीर येतो. दुसऱ्या दिवशी तेच पान वाचायला लाव. मग त्यातले ‘लाल’, ‘बैल’, ‘झूल’ वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून दे आणि पानावर शोधायला सांग. तीनही शब्दांत ल आहे, हे त्याचं त्यालाच दिसू दे. महिनाभरात ती वही त्याचं पुस्तक होईल. मातृभाषेतून आणि हाताच्या कामातून शिकवावं, हे १९३७ साली आपल्या वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेत मांडलं गेलं. तुझी वही त्याच वाटेवरची आहे.

सासूबाईंना अक्षर येत नाही, हे आडवं येत नाही. त्यानं वाचावं आणि त्यांनी “मग पुढं काय झालं?” विचारावं. त्यांना खरंच माहीत नसतं, म्हणून तो मन लावून सांगतो. त्यांच्या तोंडच्या गोष्टीही चालू राहू देत. कानावर पडलेला शब्द कागदावर भेटला की लवकर ओळखू येतो.

वेचणी सुरू झाली की तुला बसायला वेळ मिळणार नाही, ते मला माहीत आहे. भाकरी थापताना तो जवळ बसून वाचू दे, दहा मिनिटं पुरे. शेतावर खताचं पोतं, बियाण्याची पाकिटं आहेत. स्टँडवर एसटीच्या पाट्या आहेत: ‘वणी’, ‘अकोला’ सोपे, ‘वर्धा’ला रफार, ‘चंद्रपूर’ला अनुस्वार आणि जोडाक्षर दोन्ही. गाडी यायच्या आधी हे सगळं होतं.

कॉन्व्हेंटचं माझं मत स्पष्ट आहे: या कारणासाठी टाकू नको. घरच्या भाषेत वाचायला अडणाऱ्या मुलाला न कळणाऱ्या भाषेत वाचायला लावलं, तर तो तिथंही पाठच करील आणि व्हॅनचे पैसे जातील ते वेगळे.

मोबाइल हातात द्यायचाच असेल तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक तिच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. ते त्याला अजून जड जातील, म्हणून तू वाच, त्यानं ऐकावं. उन्हाळ्यात हे विसरू नको. आपल्याकडे उन्हामुळे शाळा इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात आणि तेवढ्या सुट्टीत आलेलं वाचन मागं पडतं. पुस्तक नाकाजवळ धरत असेल तर मात्र आधी डोळे तपासून घे. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यांनाही सांगता येईल.

आणि शाळेत जाशील तेव्हा “कसा आहे माझा पोरगा?” एवढंच विचारून परत येऊ नको. कोणत्या मात्रा आणि कोणती जोडाक्षरं त्याला अडतात, ते सरांना विचार आणि कागदावर लिहून घे. तो कागद मला पाठव. त्या अक्षरांची, त्याच्या बैलाची आणि शेताची वाक्यं मी लिहून पाठवते.

तुझी,
बाई