डोलकाठीच्या बुडाशी मुरणारं पाणी

तुमची २२ फुटी जुनी फायबरची होडी मुंबईहून आणून नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या काठी ट्रेलरवर ठेवली आहे. डोलकाठीच्या बुडाशी तीनदा सिलिकॉन भरून झालं, तरी पावसात केबिनमध्ये ठिबकतंच, आणि आता तिथला डेक पायाखाली दबतोय. तुम्ही विचारताय, सीलंट कुठला घेऊ?

सीलंटचं नंतर बघू. डेक दबतोय म्हणजे आतलं लाकूड गेलं. या होड्यांचा डेक क्रीमच्या बिस्किटासारखा असतो, वर-खाली फायबरचा पापुद्रा आणि मधे बाल्सा (एक हलकं, मऊ लाकूड) किंवा प्लायवूड. डोलकाठी ज्या पायावर उभी असते त्या बैठकीच्या स्क्रूंच्या भोकांतून पाणी त्यात शिरलं की वर्षानुवर्षं मुरत राहतं. वरून डोलकाठीचा भार, आणि तोही नुसता तिच्या वजनाचा नव्हे. तिला उभं धरणाऱ्या ताणलेल्या तारा तिला सतत खाली दाबतात, त्यामुळे कुजलेलं लाकूड चेपतं.

सिलिकॉनने तर बहुधा नुकसानच केलं असेल. डोलकाठी पोकळ असते. शेंड्याच्या कप्पीपाशी शिरलेलं पावसाचं पाणी आतून खाली येतं आणि बुडाशी ठेवलेल्या बारीक भोकातून बाहेर पडतं. चहूबाजूंनी सिलिकॉन फासताना ते भोक बुजलं असेल, तर पाणी आतच साठून बैठकीच्या स्क्रूंवर उभं राहतं. बुजलं असेल तर आजच मोकळं करा.

डोलकाठी उतरवण्याआधी टर्नबकलच्या (तारा ताणायच्या स्क्रूच्या) आट्या कुठवर आहेत ते मोजून लिहून ठेवा, चार माणसं बोलवा, आणि वर विजेच्या तारा नाहीत ना ते आधी बघा. अ‍ॅल्युमिनिअमची २५-३० फुटी काठी आहे, गंमत नाही. मग माठ घेताना वाजवतो तसा डेक नाण्याने वाजवत जा. टणक आवाज येतो तिथे ठीक, बद्द येतो तिथे खडूने रेघ मारा. ती रेघ तुमच्या अंदाजापेक्षा लांब जाईल. केबिनमध्ये उतरून डोलकाठीखालचा खांबही बघा. त्याचं बूड तळाच्या पाण्यात कुजलेलं असेल, तर वरची सगळी मेहनत फुकट. आतलं दार हल्ली चौकटीत घासत असेल, तर डेक खचल्याची ती खूण.

रेघेच्या आतला वरचा पापुद्रा कापून जपून ठेवा, तोच परत बसवायचा आहे. आतून चहाच्या चोथ्यासारखा काळा गाळ निघेल, तो टणक लाकूड लागेपर्यंत खरवडा. होडी खाऱ्या पाण्यातली आहे, म्हणून खळगा आधी गोड्या पाण्याने धुवा. मीठ राहिलं तर हवेतला ओलावा ओढून घेतं आणि जागा वाळतच नाही. मग ताडपत्रीच्या सावलीत निदान दोन-तीन आठवडे वाळू द्या. पहिल्यांदा हे काम मी श्रावणातली उघडीप बघून उरकलं होतं. पुढच्या वर्षी तोच डेक पुन्हा उघडावा लागला. नाशकात फेब्रुवारी-मार्च उत्तम. डिसेंबरच्या रात्री इपॉक्सी (दोन भाग कालवून घट्ट होणारं रेझिन) नीट धरत नाही, आणि मे महिन्यात दुपारी मोठा डबा कालवलात तर हातातच धुरायला लागतो.

बैठकीखाली पुन्हा बाल्सा नको, तिथे भरीवच हवं. नाशकातल्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांकडे स्विचगिअरच्या (विजेच्या नियंत्रण-उपकरणांच्या) कामात इन्सुलेशनला ग्लास-इपॉक्सी शीट वापरतात, तिचे तुकडे मिळाले तर पाहा. पाणी पीत नाही, दाबाखाली चेपत नाही. दोन्ही बाजू खरखरीत घासून इपॉक्सीत बसवा. टाक्या-दारं बनवणारे कारागीर पॉलिएस्टर रेझिन सुचवतील. नव्या कामाला ते चालतं, जुन्या फायबरला इपॉक्सीच जास्त घट्ट धरतं. कापडही विणलेलं घ्या. चटईसारख्या मॅटमधला चिकटवणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. थर वाळल्यावर वर मेणचट पापुद्रा येतो. तो पाण्याने घासून धुवा, मगच पॉलिशपेपर लावा. शेवटी रंग हवाच, उन्हात उघडं इपॉक्सी टिकत नाही.

आता बोल्ट. ६ मिमीच्या बोल्टसाठी १२ मिमीचं भोक पाडा, घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने भरा, वाळल्यावर त्यातच ६ मिमीचं पाडा. मग सीलंट हरला तरी पाण्याला लाकूड सापडत नाही. भोकाची वरची कड थोडी उतरती करा, म्हणजे तिथे सीलंटचं कडं बसतं.

आणि आता तुमचा प्रश्न. मी ब्युटिल टेप (रबरासारखी चिकट पट्टी) वापरतो, पॉलिसल्फाइड सीलंटही चालेल. कायमचं चिकटणारं पॉलियुरेथेन नको, पुढच्या वेळी बैठकीबरोबर डेकही उपटून येईल. जुन्या सिलिकॉनचा कणही राहू देऊ नका, त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. बोल्ट स्टेनलेस ३१६ चे, आरपार, खाली रुंद पट्टी. फिरवायचा तो नट, बोल्ट नव्हे. एका दमात आवळू नका, ब्युटिल हळूहळू पसरतं, तीन-चार दिवस रोज थोडं आवळा. स्टेनलेस जिथे अ‍ॅल्युमिनिअममध्ये जातं तिथे गंजरोधक पेस्ट लावा, नाहीतर पांढरी भुकटी धरते.

डोलकाठी चढवल्यावर शेंड्याच्या बाजूने पाणी सोडता आलं तर सोडा. सगळं बुडाच्या भोकातूनच यायला हवं. तारा आधी लिहून ठेवलेल्या मापाच्या थोड्या अलीकडेच थांबवा आणि आठवड्याने पूर्ण ताणा. आणि जूनच्या आधी त्या भोकात एकदा तार घालून बघा, कुंभारमाशा तिथे मातीचं घर करतात.