लेक पहाटे किनाऱ्यावर जाणार म्हणते तेव्हा

गुहागर तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय प्राणिशास्त्र. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत आहे. यंदा कासवांच्या घरट्यांच्या कामाला जायचं म्हणते. आई लिहितात, "नेमका आंब्याचा हंगाम. घरचं काम टाकून ही लष्कराच्या भाकऱ्या भाजणार, म्हणून तिचे बाबा चिडलेत. याचा पुढे नोकरीला उपयोग होतो का? आणि अशी प्रमाणपत्रं किती जमवावी लागतात?"

ताई, आधी प्रमाणपत्रांचं सांगते. एक मुलगा माझ्याकडे अकरा प्रमाणपत्रांची फाईल घेऊन आला होता. वृक्षारोपण, रक्तदान, स्वच्छता, सगळं होतं. "यातल्या एखाद्या कामात तू नेमकं काय केलंस?" म्हटल्यावर तो गप्प झाला. मला फार वाईट वाटलं, कारण पोरगा हुशार होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की एकाच कामाला दोन वर्षं धरून राहायचं असतं.

तुमची मुलगी नेमकं तेच करायला निघाली आहे. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची मादी रात्री वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करून शंभरच्या वर अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. कुत्री-कोल्ही पोहोचायच्या आत, पहाटेच माग काढून ती अंडी कुंपणातल्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायच्या राखीव जागेत, हलवावी लागतात. तीही जपून, कारण काही तासांनी गर्भ आतून कवचाला चिकटतो आणि मग अंडं फिरलं तर तो मरतो. पुढे पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात. हे ती पुस्तकात वाचेलच. पण घरट्याची तारीख, अंड्यांची संख्या, वाळूचं तापमान आणि बाहेर आलेली पिल्लं यांची नोंद दोन हंगाम तिनं स्वतः ठेवली, तर एम.एस्सी.च्या मुलाखतीत तिच्याकडे सांगण्यासारखं स्वतःचं काम असेल. प्रकल्प-सहायकाची जागा निघते तेव्हाही किनाऱ्यावर काम केलेला आणि नोंदी नीट ठेवणारा माणूसच शोधतात.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला हे काम २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन उभं राहिलं, ते चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या पुढाकारानं. आता आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवरही होतं. मात्र मुलीला एक बजावून सांगा: १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं या कासवांना सर्वोच्च संरक्षण आहे. वन विभाग आणि गावचे कासवमित्र यांच्यासोबतच जायचं, एकटीनं अंड्यांना हात लावायचा नाही. अंधारात एकटीनं किनाऱ्यावर जायचं नाही, हेही त्यातच आलं.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, असा तिचा हिशेब. किनाऱ्यावरचे तास त्यात धरता येतील का, हे तिनं आत्ताच कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारून लेखी घ्यावं. हंगाम संपल्यावर विचारून उपयोग नाही. गुण किंवा श्रेयांकांचा नियमही तिथेच कळेल.

कासवं हा एकच रस्ता नाही, हे खरं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा चिखल उपसायला गावोगावची पोरं गेली होती. ज्याला माणसांत काम करायचं आहे, त्यानं आपत्ती व्यवस्थापनाचं प्रशिक्षण घ्यावं. इतिहासाच्या विद्यार्थ्याला रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवरची, कातळशिल्पं आहेत. पण तुमच्या मुलीचा विषय प्राणिशास्त्र आहे आणि किनारा दाराशी आहे.

राहिला आंबा. बाबांचा राग मला समजतो. काढणीच्या दिवसांत एक माणूस कमी म्हणजे काय, हे बागायतदारालाच कळतं. म्हणून तिनं आठवड्यातल्या दोन पहाटा मागाव्यात, रोजच्या नाही. आठ-नऊपर्यंत ती घरी येईल आणि पेट्या भरायला बसेल. हे तिनं स्वतः बाबांशी बोलून ठरवावं, तुम्ही मध्ये पडू नका. आणि पिल्लं सोडायची असतील त्या दिवशी बाबांना सोबत घेऊन जायला सांगा. त्या पहाटे बागेतलं काम तासभर उशिरा सुरू झालं तरी चालेल.