पोळ्यासाठी बैलांच्या झुली आणि घरच्यांचे कपडे घरीच शिवून होतील का?

ताई, तुम्ही लिहिलंय की लग्न होऊन यवतमाळकडच्या खेड्यात आलात, माहेरची पायमशीन सोबत आहे, घरी एक बैलजोडी, एक कुत्रा, एक मांजर आणि सात माणसं आहेत. पोळ्याला तीन आठवडे उरलेत. झुली, सालगड्याचे कपडे, लेकरांसाठी काहीतरी, असं सगळं घरच्या घरी होईल का आणि सुरुवात कुठून करू, हा तुमचा प्रश्न.

होईल. मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात राहते आणि गेली १६ वर्षं आमच्या घरच्या झुली मीच शिवते. सुरुवात कापडाच्या दुकानातून करू नका, गोठ्यातून करा. एक सुतळी घ्या आणि बैल शांत रवंथ करत उभा असेल तेव्हा माप घ्या. वशिंडाच्या पुढच्या कडेपासून शेपटीच्या बुडापर्यंत एक गाठ. मग एका कुशीवर पोटापासून वीतभर वर सुतळी धरायची, पाठीवरून पलीकडे न्यायची आणि तिथेही पोटापासून वीतभर वर दुसरी गाठ. दोन्ही बैलांचं वेगवेगळं घ्या. जोडी एकसारखी दिसते, पण माप कधीच एक नसतं. आमच्याकडची जोडी गवळाऊ जातीची आहे, अंगानं फार मोठी नाही. हिऱ्याची लांबी ५० इंच भरते, रुंदी ५२. मोत्या दोन इंचांनी आखूड आहे.

आता कापड. ५८ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, घेतलं तर पाठीवर जोड येत नाही, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कण्यावर शिवण आली की ती चालताना घासते. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच दुमड धरून एका बैलाला दीड मीटर पुरतं, जोडीला तीन. कापड जाडसर सुती घ्या. दुहेरी सुताची दोसुती चांगली, जाड पॉपलीनही चालेल. दुकानदार मखमल किंवा साटीन पुढे करेल, कारण ते चमकतं. घेऊ नका.

माझ्या पहिल्या वर्षी मी मखमलीच्याच झुली केल्या होत्या, लाल, चारी बाजूंनी सोनेरी लेस. पोळ्याच्या दिवशी सकाळभर पाऊस होता आणि दुपारी लख्ख ऊन पडलं. श्रावण सरतानाची ही उघाड आपल्याकडची कशी असते ते तुम्हाला आता कळेलच, जमिनीतून वाफ निघते. तोरणाखाली जोड्या उभ्या होत्या, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू होत्या आणि आमचा तेव्हाचा एक बैल जीभ बाहेर काढून धापा टाकत होता. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, काही न बोलता त्याच्या अंगावरची झूल काढून स्वतःच्या खांद्यावर टाकली. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "सूनबाई, बैल बोलत नाही म्हणून काय त्याले गरम होत नाही?" त्या रात्री मला झोप लागली नाही. वर्षभर आपल्यासाठी राबणाऱ्या जनावराच्या एका दिवसाच्या मानासाठी मी शिवायला बसले होते, आणि शिवताना डोळ्यांपुढे बघणारी माणसं होती. तेव्हापासून सुती कापड, फिका रंग आणि आत मऊ अस्तर. अस्तराला नवीन कापड लागत नाही. सासूबाईंचं जुनं लुगडं असेल तर त्यातून दोन्ही बैलांच्या पाठी झाकतील एवढं सहज निघतं. धुऊन धुऊन ते इतकं मऊ झालेलं असतं की बाजारात तसं मिळणार नाही.

कापायच्या आधी कापड रात्रभर पाण्यात भिजवा. कोरं सुती कापड आटतं, आणि आधी शिवून मग धुतलं तर बाहेरचं आटतं, अस्तर आटत नाही, झूल गोळा होते. त्यातच रंगाचीही परीक्षा होते. ओल्या पांढऱ्या फडक्यानं कापड घासून पाहा. फडक्याला रंग लागला तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा धुवा. पोळ्याला पाऊस आलाच तर लाल झुलीचा रंग पांढऱ्या बैलाच्या कुशीवर ओघळतो आणि चार दिवस जात नाही.

पुढच्या बाजूला मधोमध वशिंडासाठी वीतभर रुंद, वीतभर खोल असा गोलसर कट द्या. टोकदार कोपरा ठेवू नका, तो तिथूनच फाटत जातो. त्या कडेला पायपिन, म्हणजे तिरप्या कापडाची अरुंद पट्टी, लावा. मशीनला १६ नंबरची सुई घाला, कापड फार जाड असेल तर १८. चार थर एकत्र येतात तिथे पायानं जोर न लावता हातानं चाक फिरवून टाके काढा, सुई मोडत नाही. खालच्या कडेला जुन्या साडीचा काठ लावला की झुलीला वजन येतं आणि वाऱ्यानं ती उडत नाही. उडणाऱ्या झुलीला नवखा बैल बुजतो. समोरच्या दोन टोकांना छातीवर बांधायला सुती नाड्या लावा आणि पोटाखालून एक पट्टा, त्यात तळहात सहज सरकेल एवढा सैल. शेपटीखालून काही बांधू नका. गाठ अशी हवी की एक टोक ओढलं की सुटेल. तोरणाखाली गर्दी असते, डफडी वाजतात, फटाके उडतात. एका बैलाचं शिंग दुसऱ्याच्या झुलीत अडकलं तर गाठ सुटली पाहिजे, बैल ओढला जायला नको.

आता सगळ्यात काळजीची गोष्ट, सुई. गोठ्याजवळ बसून शिवू नका. टाचण्या तर वापरूच नका, कच्चा धावदोरा घाला. आमच्याकडे एका वर्षी मी ओट्यावर बसून गोंडे टाचत होते, बाजूला तुरीच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग, आणि सुई हातातून निसटली. गुरं चारा निवडून खात नाहीत. त्यांच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, एकदा तोंडात गेलेलं बाहेर थुंकणं त्यांना जमत नाही. सुई किंवा तार पोटात गेली की दुसऱ्या कप्प्यात, त्या जाळीदार पोटात, जाऊन अडकते. त्या पोटाच्या पुढे फक्त एक पडदा आणि त्यापलीकडे काळीज. पोट हलताना सुई पुढे सरकत जाते, आणि चांगला धडधाकट बैल हळूहळू चारा सोडतो. हे मला गुरांच्या डॉक्टरांनी समजावलं होतं, म्हणून त्या दिवशी माझे हातपाय गळाले. जुन्या स्पीकरमधलं चुंबक सुतळीला बांधून आम्ही तिघं जणं अंधार पडेपर्यंत कुटार चाळत होतो. सापडली. तरी तो वरचा सगळा थर आम्ही गुरांना घातला नाही. तेव्हापासून मी मोजून तीन सुया घेऊन बसते आणि तीन मोजूनच उठते.

याच कारणानं सजावटीत काचेचे आरसे आणि डिंकानं चिकटवलेल्या टिकल्या मी लावत नाही. शेजारचा बैल चाटतो, ओढतो, टिकली पोटात जाते. त्याऐवजी रंगीत कापडाची फुलं, पानं, अक्षरं कापून सपाट शिवा. उन्हात ती लांबून जास्त उठून दिसतात. बैलाचं नाव लिहा. आमच्या भागात काही जण झुलीवर आणि बैलांच्या अंगावरही कापसाच्या भावाबद्दल लिहितात, आणि मला ते योग्य वाटतं. शेतकऱ्याचं म्हणणं मांडायला त्या दिवसासारखा दिवस नाही. लोकरीचे गोंडे हवे असतील तर चार बोटांवर पन्नास-साठ वेढे घ्या, मधोमध घट्ट बांधा, कडा कापा आणि झुलीला दुहेरी दोऱ्यानं पक्के टाचा. गोंडे मागच्या बाजूला ठेवा, तोंड पोचेल तिथे नको.

एक लक्षात ठेवा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. दुसऱ्या दिवशी झूल टाकायच्या आधी खांदे फडक्यानं नीट पुसून घ्या, नाहीतर पुढची कड तुपकट होते. हळद लागलीच तर घाबरू नका. साबण लागताच डाग लाल होतो, पण चार दिवस कडक उन्हात वाळवला की फिका पडतो.

सालगड्याचे कपडे आधी शिवा, झुलीच्याही आधी. पोळा जितका बैलाचा तितकाच त्यांना राखणाऱ्याचा, आणि त्याला सणाच्या दिवशी मापात न बसणारा सदरा देणं मला पटत नाही. रेडिमेड आणण्यापेक्षा त्यांची रोजची बंडी एका दिवसासाठी मागून घ्या आणि तिच्यावरून माप काढा. ४४ इंच पन्ह्याचं दीड मीटर कापड पुरतं. आतल्या बाजूला एक खोल खिसा द्या, मोबाईल आणि पैसे वाकल्यावर पडत नाहीत. आमच्या सालगडी दादांनी दुसऱ्या वर्षी स्वतः येऊन सांगितलं, "वहिनी, खिसा तसाच ठेवजा."

लेकरांसाठी झुलीच्या कापडातलंच उरलेलं वापरा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून तो चालत आल्याचं सांगतात. लाकडी बैल सजवून पोरं घरोघरी नेतात आणि त्यांना बोजारा मिळतो, कोणी पैसे देतं, कोणी खाऊ. त्या लाकडी बैलाला मोठ्या झुलीसारखीच छोटी झूल करा. ८-९ इंचाचा तुकडा पुरतो, वशिंडाचा कटही तसाच. आणि बोजारा ठेवायला एक बटवा शिवा, तिरका गळ्यात अडकवायचा, तोंडाला दुहेरी नाडा. माझी मुलगी आता कॉलेजात आहे, तिच्या पहिल्या तान्ह्या पोळ्याचा बटवा तिनं अजून ठेवलाय. मुलाला कुर्ता, मुलीला परकर शिवायचा असेल तर खाली तीन इंचांची दुमड आत सोडा, पुढच्या वर्षी उसवून वाढवता येते. सासूबाईंना उरलेल्या लुगड्याची चौघडी किंवा पानाची चंची द्या. त्यांच्याच लुगड्याचा एक भाग बैलाच्या पाठीवर आणि एक त्यांच्या हातात, हे त्यांना फार आवडेल. मोठ्या माणसांसाठी बाकी काही करायला या तीन आठवड्यांत बसू नका, ते दिवाळीला होईल.

कुत्र्याला अंगात घालायचं काही शिवू नका. तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि या दमट हवेत पोट-छाती झाकली की त्याचे हाल होतात. १८ इंचांचा चौकोन तिरका कापला की दोन गळपट्टे निघतात. वरची कड दुमडून त्यातून त्याचा नेहमीचा पट्टा ओवा. दोन बोटं आत गेली पाहिजेत. घुंगरू लावू नका, त्याचे कान आपल्यापेक्षा खूप तिखट असतात. मांजरीला तर काहीच नको. ती दिवसभर अंग चाटते, सुटलेला दोरा गिळते, आणि दोरा आतड्यात अडकला तर जिवावर बेततं. तिच्यासाठी चिंध्या भरून एक गादी करा, ती आपली आपण येऊन बसेल.

पोळा झाला की झुली धुऊन खडखडीत वाळवा, वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून जुन्या धोतरात गुंडाळा. प्लास्टिकच्या पन्नीत ठेवू नका, ओल धरते आणि बुरशी येते. दिवाळीतल्या वसुबारसेला आणि गायगोधनाला गाईसाठी त्याच काढता येतात, गाय लहान असेल तर कडा आत दुमडून कच्चा टाका घाला. थंडीत वासरांसाठी बारदान्याच्या साध्या झुली कराव्या लागतील, त्याला दोन नाड्या लावल्या की झालं.

झूल तयार झाली की पोळ्याच्या पाच-सहा दिवस आधीपासून रोज संध्याकाळी थोडा वेळ अंगावर टाका. आधी नाकापुढे धरा, हुंगू द्या, मग मानेवर, मग पाठीवर. कातडी थरथरली तर लगेच काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मोत्यानं नव्या झुलीला तीन संध्याकाळी घेतल्या होत्या, हिऱ्यानं एकच.

तुमच्या बैलांचं सुतळीचं माप आणि तुमच्याकडे मिळणाऱ्या कापडाचा पन्हा लिहून पाठवा. ५८ इंचाचं मिळालं नाही तर जोड पाठीवर न आणता दोन्ही कुशींवर कसा घ्यायचा, ते मापाप्रमाणे सांगते.